मुक्यानं आणलेलं पाणी

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

लोणार,
दि. ५ ऑक्टोबर २०२४

चि. इरा हिस,
सत्यभामाआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व ठीक म्हणायचं म्हणून म्हणते.

तू फोनवर बोलू म्हणतेस, पण माझे कान तुले माहीत आहेत. फोन कानाले लावला की मले नुसता भजी तळल्यासारखा आवाज येते. माझ्या राजकुमारले विचारशील तर तो बरं चाललं आहे याच्यावर एक शब्द जास्त सांगणार नाही. कंडक्टर माणूस, दिवसभर लोकांशी बोलून बोलून घरी आला की तोंडाले कुलूप. म्हणून पत्र लिहून राह्यली. तीस वर्षं अंगणवाडीचे अहवाल लिहिले मी, एक पत्र काय जड आहे? फक्त शाळेतली मराठी लिहायले बसते अन चार ओळीत घसरते, तेवढं चालवून घे.

पुष्पांजली जाऊन दोन महिने होत आले. तुझी बहीण गेली, अन माझी भाचीही गेली अन सूनही, एकाच तिरडीवर दोघी. सकाळी चहा टाकताना अजून मी दोन कप दूध जास्त घालते. असो. रडायले पत्र लिहिलं नाही, काम आहे.

पुष्पाची ओवी अजून बोलत नाही. तू तेराव्यापर्यंत होतीस तेव्हा आपण म्हटलं, दुःख आहे, आठ दिवसांनी बोलंल. नाही बोलली, बाई. झोपेतही बडबडणारी पोट्टी, बैलाले, बकरीले, एसटीच्या खांबाले प्रश्न विचारणारी, आता तोंडातून हूं का चूं नाही. तसं सगळं करते. शाळेत जाते, गणितं सोडवते, जेवते, वेणी घालायले पाठ करून बसते. मेहकरच्या डॉक्टरनं गळा पाह्यला, गळ्यात काही नाही म्हणाला. मी मिरच्या ओवाळल्या. शेगावले नेलं, तर समाधीपुढं हात जोडून अशी उभी राह्यली की मागची रांग खोळंबली. बापाकडं तर पाहतही नाही. तो घरात आला की ही दुसऱ्या खोलीत. राजकुमार तोंडानं बोलत नाही, पण ताटातली भाकर तशीच ठेवून उठते.

एक गोष्ट मात्र चांगली आहे. पुष्पा आजारी होती तेव्हा मी ओवीले गडू देऊन धारेवर, त्या झऱ्यावर, पाण्याले पाठवत होती, आमच्या घरची जुनी रीत म्हणून. ते वळण पोरीनं सोडलं नाही. शाळेतून आली की रोज धारेवर जाते, गडू भरून आणते अन पुष्पाच्या खाटेच्या उशाशी ठेवते. ती खाट उचलू देत नाही. पहाटे ती उठायच्या आधी मी ते पाणी तुळशीले घालून गडू रिकामा ठेवते. एवढ्या लहान वयात एवढी भक्ती कोणाची पाह्यली नाही.

तू मानसशास्त्र शिकून राह्यली ना? डोणगावात तुझा बाप सगळ्यांले सांगते की माझी पोरगी माणसाचं मन वाचते. मंग वाच बरं हे एक मन आपल्या घरचं. तुझ्या पुस्तकात काय लिहिलं आहे ते सोप्या शब्दात कळव.

मेसचं तेलकट खाऊ नको. केस गळतात म्हणत होती, त्याले खोबरेल लाव, शाम्पू नाही. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
सत्यभामाआत्या


पुणे,
दि. १४ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
इराचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझं पत्र शनिवारी मिळालं. खोबरेल लावलं, आता उशी गळते आहे.

आत्या, बाबांना सांग, मी मन वाचत नाही. आम्ही एवढंच शिकतो की माणूस जे बघतो त्यातलं निम्मं तो आधीच मनात ठरवून आलेला असतो. शिक्षकाला एकदा वाटलं की अमुक मूल ढ आहे, की त्याला त्या मुलाच्या चुकाच दिसतात. आमच्या मॅडम म्हणतात, दुसऱ्याला समजून घ्यायचं असेल तर आधी आपण स्वतः कुठे उभे राहून बघतोय ते तपासा. ऐकायला बरं वाटतं. करायला फार कठीण.

ओवीबद्दल मी खूप वाचलं. काही मुलं घरात बोलतात पण शाळेत बोलत नाहीत, तसं हे नाही. जबर धक्का बसला की मुलं गप्प होतात, हे आहे. पण दोन महिने? मला वाटतं हे नुसतं दुःख नाही, राग आहे. आई किंवा बाप गेला की मुलं कितीदा मागे राहिलेल्यावर रागावतात. ती राजदादाकडे बघत नाही, हे तूच लिहिलंस. (ताईच्या लग्नानंतर त्याला भाऊजी म्हणायला मला जमलंच नाही, आतेभाऊ तो आतेभाऊच.) आत्या, खरं सांग, त्याला कुणी स्थळं सांगून येतात का? बाबांच्या कानावर काहीतरी आलंय. मोठ्यांना वाटतं मुलांना कळत नाही, पण मुलं भिंतीआडून सगळं ऐकतात.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. ताई गेली त्या संध्याकाळी मी तिच्या मोबाइलवर फोन केला होता, तो ओवीनं उचलला. तिच्या गळ्यात अडकवलेल्या पिशवीत असायचा ना तो. रस्त्यावर होती बहुतेक, मोटरसायकलींचे आवाज येत होते. बोलेचना. नुसता श्वास ऐकू येई. मला वाटलं, नागपंचमीला आले नाही म्हणून बाई रुसल्या. मी लाडीगोडी लावली, गाणं म्हटलं, मांजराचा आवाज काढला. शेवटी खोटं खोटं रडायला लागले. तेव्हा ती बोलली. म्हणाली, मावशी रडू नको, आई बरी होणार हाये. आणि फोन ठेवला. तासाभरात बाबांचा फोन आला, ताई गेली म्हणून.

ओवीचा शेवटचा आवाज माझ्यापाशी आहे, आत्या. तिची शेवटची ओळ माझ्यासाठी होती. रोज झोपताना मी ती आठवते. मला वाटतं, त्या आवाजानं माझ्यावर काही काम सोपवलं आहे.

दिवाळीत येते. रंग आणि कागद आणते. मुलं तोंडानं सांगत नाहीत ते चित्रात सांगतात. लोभ आहेच, तो वाढवावा एवढं मागते.

तुझी,
इरा


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

लोणार,
दि. ११ नोव्हेंबर २०२४

चि. इरा हिस,
आत्याचे आशीर्वाद. आशीर्वाद देते, पण रागात देते, हे समजून घे.

यंदा आपल्याकडं दिवाळी नव्हती, पण तू आलीस म्हणून मी चोरून शेव केली. चार दिवस राह्यलीस, बरं वाटलं. पण जाताना जे करून गेलीस ते काऊन केलंस वं? भरल्या ओसरीत, शेजारचे रामराव बसलेले, अन तू राजकुमारले विचारलं की तुझ्या मनात दुसरं लग्न आहे का, म्हणून तर पोरगी तुझं तोंड पाहत नाही. माय वो! तो उठला. चप्पल घालून गेला तो रात्री आला. आता डबल ड्युटी करते. संभाजीनगरची लांबची गाडी मागून घेतली, म्हणे घरी येणं नको पडायले. स्थळं येतात, हाव, येतात. बायको गेलेल्या नोकरदाराकडं लोक येतातच. त्यानं दारातूनच परत पाठवले, एकाले पाणीही विचारलं नाही. हे तू मले विचारलं असतं तर मी सांगतलं असतं. तू आधी ठरवून आलीस अन मंग विचारलं. तुझ्या मॅडमनं हेच सांगतलं होतं ना?

अन ते चित्र. ओवीनं खाट काढली, खाटेवर आई, बाजूले घराएवढा मोठा गडू, अन गडूपासून आईच्या तोंडापर्यंत बापाचा लांबच लांब हात. तू म्हणालीस गडू म्हणजे आईची माया, तो रिकामा झाला. अन हात लांब म्हणजे तिले बापाची भीती वाटते. बाई, अंगणवाडीत माझे पोट्टे बापापेक्षा बकरी मोठी काढत, म्हणून कोणाचा बाप बकरी नाही झाला. गडू तो गडू. पोरगी रोज उचलून आणते, तिले तो मोठाच वाटंल.

पण एक सांगते, अन हे रागात नाही. ते चित्र मी फेकलं नाही. पाहते अन काहीतरी खुपते, काय ते कळत नाही.

तुझ्यासाठी मुगवड्या पाठवल्या आहेत. राग आला तरी खा. माणूस रागावते त्याच्यावरच, जो आपला आहे.

तुझी,
आत्या


पुणे,
दि. २२ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मुगवड्या मिळाल्या. खोलीतल्या मुलींनी निम्म्या पळवल्या. रागातही तुझ्या हाताला चव आहे.

ओसरीतलं चुकलं. राजदादाला मी फोनवर तसं म्हटलं, तो बरं म्हणाला. त्याच्या बरंमधून काय समजायचं ते तुलाच ठाऊक. पण आत्या, पद्धत चुकली म्हणून माझं म्हणणं चुकीचं ठरत नाही. तीन महिने उलटले. जितका उशीर होईल तितकं बोलणं परत येणं अवघड. मी ओवीला मुकी झालेली बघू शकत नाही. ताईनं मला बोलायला शिकवलं होतं गं. मी तोतरी बोलायचे तेव्हा ती मला आरशापुढे बसवून एकेक शब्द म्हणवून घ्यायची.

म्हणून मी ठरवलं आहे. ओवीला इकडे आणायचं. माझ्या मॅडम मुलांसाठीच काम करतात, त्या तिला बघतील. मी खोली घेते, शाळेचं बोलते. राजदादा तयार झाला आहे, संक्रांतीनंतर तो स्वतः तिला घेऊन येईल. तू नाही म्हणशील हे मला माहीत आहे. तुझ्या घरात मग कुणीच उरणार नाही, हेही माहीत आहे. पण त्या खाटेपासून आणि त्या गडूपासून तिला दूर न्यायलाच हवं. ते घर रोज तिला तीच संध्याकाळ दाखवतं.

तुझा राग मला चालेल. तिचं मुकेपण चालणार नाही. मला मनातून काढू नकोस.

तुझी,
इरा


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

लोणार,
दि. ३० डिसेंबर २०२४

चि. इरा हिस,
आत्याचे आशीर्वाद. हे पत्र बसून वाच.

पुण्याचं मी ओवीले सांगतलं. तुझ्यावर राग होता तरी सांगतलं, म्हटलं पोरीच्या भल्याचं असेल तर आपला जीव किती धरायचा. तिनं ऐकलं, आत गेली, गडू पोटाशी धरला अन खाटेखाली जाऊन बसली. जेवणाले निघाली नाही. दुसऱ्या दिवशी अंग तापलं. तापातही संध्याकाळी गडू घेऊन दारात उभी. मी आडवी आली तर माझ्या हाताखालून निसटली. मी तिच्या मागं गेली, ओरडून उपयोग नव्हता, गुडघे दुखत होते तरी गेली. चार महिने पोरगी पाणी आणून राह्यली अन मी एकदाही तिच्या मागं गेली नव्हती, हे तवा ध्यानात आलं.

धारेवर तिनं गडू भरला. पायऱ्या चढून वर आली, मी झाडाआड. तिथं ठेच लागली तिले, अंगठ्याले रक्त आलं, अन तोंडातून आवाज निघाला, आई गं म्हणून. इरा, इतक्या महिन्यांनी मी तिचा आवाज ऐकला. माझे कान गेलेले, तरी ऐकला. मी हरखून पुढं होणार, तर ती कशी उभी होती म्हणून सांगू. पांढरी पडली. तोंडावर हात दाबला. मंग गडूतलं सगळं पाणी तिथंच ओतलं, अन रक्ताचा पाय घेऊन परत पायऱ्या उतरली. नव्यानं भरायले.

मी तिथंच बसली मातीत.

तुले ही रीत ठाऊक नसंल, माहेरची नाही, सासरची आहे. माझ्या सासूनं, रुक्मिणीबाईनं घालून दिली. घरात कोणी जड दुखण्यात असलं की धारेचं पाणी मुक्यानं आणायचं. घरातून निघाल्यापासून उंबरठ्याच्या आत येईपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. बोललं की पाणी बाटलं. ते ओतायचं, परत जाऊन नवं भरायचं. बाटलेलं पाणी दुखणाईताले दिलं तर उलटं होते. हे ओवीले मीच शिकवलं, गोष्ट सांगावी तसं, हसत हसत. पुष्पाले संभाजीनगरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं तवा पोरीच्या हाताले काहीतरी काम हवं होतं, म्हणून.

आता त्या दिवसाचं ऐक. पुष्पा पाचाच्या सुमाराले गेली. ओवी तवा धारेवर होती. आम्ही बायांनी रडणं तोंडात पदर कोंबून दाबलं, म्हटलं पोरगी वाटेत आहे, दचकंल. ती आली, दारात राजकुमारनं तिच्या हातून गडू घेतला. गेलेल्याच्या तोंडात पाणी घालतात ना, तसं त्यानं तेच पाणी पुष्पाच्या तोंडात घातलं. पोरीच्या हातचं. अन पाणी घातल्याबरोबर आमचा बांध फुटला, सगळ्या एकदम रडल्या. ओवी दारात उभी होती.

इरा, तिनं काय पाह्यलं? आईले तिचं पाणी पाजलं अन आई मेली, हे पाह्यलं. आई तिच्या यायच्या आधीच गेली होती, हे तिले कोणीच सांगतलं नाही. आम्ही म्हटलं लेकरू आहे. ते चित्र मी आता समोर घेऊन बसली आहे. तो बापाचा हात भीतीचा नाही, अन गडू म्हणजे माया नाही. जे पाह्यलं ते काढलं तिनं. आपण दोघींनी ते चित्र पाह्यलं अन आपलं आपलं वाचलं. मी भक्ती वाचली, तू राग वाचला.

आता एकच गाठ राह्यली. पाणी नीट आणलं असतं तर ती स्वतःले दोष देतच नसती. म्हणजे त्या दिवशी वाटेत ती बोलली असंल, अन उशीर झाला म्हणून परत न जाता तेच घेऊन आली असंल. कोणाशी बोलली ते मले माहीत नाही, अन माहीत करूनही घ्यायचं नाही. तूही शोधू नको.

आता काय करू ते लिही. मले भीती वाटून राह्यली. देवाची नाही, पोरीची.

तुझी,
आत्या


पुणे,
दि. ५ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
नमस्कार.

तुला माहीत आहे. माझं ऑक्टोबरचं पत्र तू जपून ठेवलं असशील. तरी तू लिहिलंस, शोधू नको. आत्या, कशी गं तू अशी?

ती रुसली नव्हती. माझ्या आईला वाचवायला निघालेली मुलगी ओठ घट्ट मिटून चालली होती आणि मी पुण्यात पलंगावर लोळत मांजराचे आवाज काढत होते. तिनं सगळं सोसलं, गाणंही सोसलं. मी रडले तेव्हा तिला सोसवलं नाही. तिचा जीवच तसा आहे, ताईसारखा. तिनं मला गप्प करायला तोंड उघडलं. आणि मी तो आवाज दागिन्यासारखा जपत बसले. वर चुकून माझ्या आईला असं लिहिलं गेलं. तिच्या आईला. खोडत नाही. ताई मला तशीच होती.

आणि हे मला शिकवलं होतं. सात-आठ वर्षांच्या मुलांना वाटतं की आपण बोललो, आपण मनात आणलं, त्यामुळे जगात गोष्टी घडतात. आधी एक झालं, नंतर दुसरं झालं, म्हणजे पहिल्यामुळे दुसरं झालं. घरात कुणी गेलं की मूल आधी स्वतःचा गुन्हा शोधतं. मी हे परीक्षेत लिहिलं आहे, पानभर, अक्षर सुंदर काढून. घरात घडलं तेव्हा मी राजदादाचा गुन्हा शोधला. त्या संध्याकाळच्या चित्रात सगळे होते, फक्त मी नव्हते, कारण ते बघणारी मीच होते.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पाणी खोटं, रीत खोटी असं काही तिला सांगू नका, ती मानणार नाही. घडलं ते घडलं त्या क्रमानं सांगा. आई आधी गेली, तू नंतर आलीस. राजदादानं सांगावं, कारण हात त्याचा होता. बोल म्हणून आग्रह करू नका. तिला जे विचारायचं असेल ते तीच विचारेल, आणि विचारलं तर खरं उत्तर द्या, कितीही जड गेलं तरी. फोन माझा होता, चूक मावशीची, हेही सांग. मी खोटं रडत होते हेही.

पुण्याला आणू नका. राजदादाचे पाय माझ्या वतीनं धरायला कुणी नाही, मी येईन तेव्हा धरीन. आत्ताच निघाले असते, पण ओवी माझ्याकडे बघेल का हे कळेपर्यंत पाऊल उचलत नाही.

आहे तो लोभ काढून घेऊ नकोस. मागायला तोंड नाही, तरी मागते.

इरा


॥ श्री गजानन प्रसन्न ॥

लोणार,
दि. १६ जानेवारी २०२५

चि. इरा हिस,
आत्याचे खूप खूप आशीर्वाद, पोटाशी धरून.

सण गेल्यावर सांगू म्हटलं. यंदा आपल्याकडं तीळगूळ नव्हता, शेजारच्यांनी आणून देल्ला तेवढाच. काल राजकुमारनं सुट्टी काढली. संध्याकाळी ओवी पाणी घेऊन आली, गडू उशाशी ठेवला, तवा तिले खाटेजवळ बसवलं. मी एकीकडं, तो समोर जमिनीवर. त्या कंडक्टरच्या तोंडातून शब्द निघता निघेना. मंग निघाले. त्यानं सांगतलं, तुझी आई तू धारेवर होतीस तवाच गेली. तू येईपर्यंत ती थांबली नाही. तिचं तोंड कोरडं राहू नये म्हणून मी तुझ्या हातचं पाणी तिले देल्लं, दुसऱ्या कोणाचं देल्लं नाही, कारण तिले तूच लागत होती. तुझ्या पाण्यानं काही झालं नाही, बाई. हे तो तीनदा म्हणाला अन चवथ्यांदा त्याले म्हणवलं नाही.

मी सांगतलं की मावशीचा फोन आला होता हे आम्हाले माहीत आहे. वाटेत बोलली त्याचा दोष नाही. तू खोटं रडत होती हे मात्र मी सांगतलं नाही. तुझ्या मॅडम काही म्हणोत. ती तुझ्यासाठी बोलली, ते तिचं तिच्याजवळ राहू दे. तुझं तुझ्याजवळ.

पोरगी ऐकत होती. डोळ्यात पाणी नाही, काही नाही. एकदा बापाकडं पाह्यलं तिनं, किती महिन्यांनी. मंग गडूकडं पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. अन बोलली, इरा. आवाज घोगरा, गंज लागल्यासारखा, मी कान जवळ नेला तवा कळलं. तिनं विचारलं, मंग रोज सकाळी गडू रिकामा कोण करत होतं?

मले तवा समजलं की ती एवढ्या दिवस मुकी काऊन होती. ती शिक्षा भोगत नव्हती. ती चूक दुरुस्त करून राह्यली होती. रोज नीट पाणी आणायचं, आता पुन्हा बाटू नये म्हणून वाटेतच काय, दिवसभरही एक शब्द न बोलता, अन सकाळी गडू रिकामा दिसायचा. म्हणजे आई रात्री येते, पाणी पिते, थोडी थोडी बरी होते, एक दिवस उठंल. अन मी भक्ती समजून पहाटे उठून, तिची झोप मोडू नये म्हणून पाय न वाजवता, ते पाणी तुळशीले घालत होती.

खरं उत्तर द्या म्हणाली होतीस. मी देल्लं. म्हटलं, मी करत होती, बाळा, तुळशीले घालत होती.

तिनं मान हलवली, गणित सुटल्यावर हलवते तशी. मंग बापाच्या मांडीवर पडली अन रडली. पुष्पा गेली त्या दिवशी रडली नव्हती, ते सगळं काल रडली. आई काल मेली तिची. तिचं बोलणं परत मिळावं म्हणून आपण दोघी जिवाचा आटापिटा केला, अन ते मिळालं तेव्हा तिच्या हातातून आई काढून घ्यावी लागली. बरं झालं का वाईट झालं, मले विचारू नको. तुझ्या पुस्तकात असंल तर तूच वाच, मले सांगू नको.

आज सकाळी तिनंच बापाले खाट उचल म्हटलं. दोघांनी मिळून अंगणात नेली. गडू तुळशीजवळ ठेवला आहे. संध्याकाळी धारेवर गेली नाही. मी विचारलं, तर म्हणाली पाय दुखतो.

तुझ्याबद्दल विचारलं तिनं. मावशी अजून रडते का, म्हणून. मी काय सांगू? रविवारी फोन कर, ती उचलीन म्हणाली आहे. मले ऐकू येणार नाही, पण मी बाजूले बसून तिच्या ओठांकडं पाहत राहीन. फक्त तू रडू नको, खरंही नाही अन खोटंही नाही.

दोघींवर माया राहू दे, तिच्यावर जास्त.

तुझी,
सत्यभामाआत्या